हाताचा नोझल टेस्टर: एक अख्खा हंगाम वापरल्यावरचा अनुभव

टेस्टर घेतला तो रागाने घेतला हे आधीच सांगतो. (नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं टोक, आणि ते नीट फवारतंय का हे बघायचं यंत्र म्हणजे टेस्टर.) आमचा चार सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल पाठवणारा). ऐन ऊसतोडीत मिसिंग मारायला लागला, म्हणजे एखादं सिलिंडर नीट पेटेना. सकाळी चालू केला की डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर, स्लोला बॉनेट थरथरतंय, गरम झाला की जरा बरा, पण भरलेली ट्रॉली चढाला लागली की दम नाही. इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याने ट्रॅक्टर न बघताच सांगितलं, पंप उतरवा आणि चारी नोझल नवीन टाका. टाकले, बिल भरलं, मिसिंग जिथल्या तिथं. परत गेलो तर म्हणतो आमचं काम ओके आहे, तुमचं इंजिनच बसलंय, आता हेड खोला. पैशाचं सोडा, येऊन एकदा आवाज ऐका म्हटलं तर तेवढंही नाही.

जुने नोझल मात्र मी मागून घेतले होते. तुम्हीही घेत जा, भांडून घ्या, ते आपल्या पैशाचे असतात.

मग हाताने पंप मारायचा, गेजवाला नोझल टेस्टर मागवला, पाच-सहा हजारांत बसला. पहिल्यांदा त्यावर जुनेच चार नोझल लावले. आमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये उघडायचं प्रेशर २०० बारच्या आसपास दिलंय (तुमचं वेगळं असेल, आपापलं मॅन्युअल बघा). दोन नोझल खरंच गेलेले होते, प्रेशर कमी आणि फवाऱ्याऐवजी धार, वर टोकाला थेंब लोंबतोय. पण उरलेले दोन? दांडा दाबला की कर्रर्र करून चारी भोकांतून सारखं धुकं, प्रेशर बरोबर, उघडायच्या प्रेशरच्या २० बार खाली धरून ठेवलं तरी दहा सेकंदात टोक कोरडं. चांगले चालणारे नोझल काढून फेकायला दिले होते या माणसाने आणि नव्याचे पैसे घेतले होते. त्या दिवशीच टेस्टरचे निम्मे पैसे वसूल झाले असं मी धरतो.

आता मुख्य गोष्ट. नवीन नोझलही टेस्टरवर व्यवस्थित निघाले, म्हणजे दोष दुसरीकडे. इंजिन स्लोला ठेवलं आणि एकेका इंजेक्टरच्या (नोझल ज्यात बसतो तो भाग) पाईपचा नट जरासा ढिला करत गेलो. नट ढिला केल्यावर आवाज पडतो ते सिलिंडर काम करतंय, आणि ढिला करून काहीच फरक पडत नाही ते मेलेलं. आमचं निघालं तीन नंबर. हे करताना वर फडकं टाका, डोळ्याला चष्मा लावा आणि बोट, तळहात जवळ नेऊ नका. त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, वरून टाचणीएवढीच खूण दिसते पण आतून हात सडू शकतो, तसं झालं तर मलम लावत बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना गाठायचा.

तीनचा इंजेक्टर एकला आणि एकचा तीनला टाकला. मिसिंग इंजेक्टरबरोबर सरकलं असतं तर इंजेक्टर दोषी. सरकलं नाही, तीनलाच राहिलं. टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) तपासले, गॅप बरोबर. मग इंजेक्टर काढून भोकात बॅटरी मारली तर तळाला जुना तांब्याचा वायसर (इंजेक्टरखाली बसणारी चकती) चिकटून बसलेला, कार्बनने इतका काळा की हेडचाच भाग वाटावा. त्याच्यावर पंपवाल्याच्या पोराने नवीन वायसर टाकून इंजेक्टर कसलेला.

दहा-वीस रुपयांचा वायसर आहे हो हा, पण याच्यावर मी कितीही लिहू शकतो, कारण कोणीच लिहीत नाही. एकावर एक दोन वायसर बसले की नोझलचं टोक तेवढंच वर राहतं, पिस्टनच्या वाटीत जायचा फवारा कडेला आपटतो, थंड इंजिनात ते डिझेल नीट पेटत नाही आणि पांढरा धूर बनून बाहेर पडतं. न जळलेलं डिझेल लायनर (सिलिंडरची आतली भिंत) धुऊन ऑइलमध्येही उतरतं, आमची डिपस्टिक भरलेल्यापेक्षा वर दाखवत होती त्याचं कारण हेच. वर खालचा वायसर वेडावाकडा झालेला, त्यामुळे कॉम्प्रेशनही थोडं थोडं बाहेर. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा चिकट काळा थर आणि फुस्स फुस्स आवाज असेल तर आधी वायसर बघा, हेड नंतर. वायसर एकच टाकायचा, मॅन्युअलमधल्या जाडीचाच, दर वेळी नवा. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून मऊ करता येतो, पण एवढ्याशा पैशात ते कशाला करायचं?

वाकड्या टोकाच्या हुकाने तो उपसला, बैठक साफ केली (कचरा आत पडू द्यायचा नाही, भोकात ग्रीस लावलेलं फडकं धरायचं), नवा वायसर टाकला, दोन्ही नट थोडे थोडे सारखे आवळले. डिझेलच्या पाईपातली एअर काढली, स्टार्टर मारला. चारी सिलिंडर धरले! आप्पा गोठ्यातून आवाजावरूनच म्हणाले, झाला की रे नीट. ऑइल लगेच बदललं.

टेस्टरबद्दल मत थोडं बदललंय ते सांगतो. हंगामभर मी सगळ्यांना घ्याच म्हणून सांगत होतो. पावसाळ्यात गेजचा काटा शून्यावर यायचा बंद झाला, २० बारवरच अडकला. कर्रर्र आवाजाची टेस्ट घेताना गेजचा कॉक बंद ठेवायचा असतो नाहीतर काटा झटके खाऊन मरतो, हे सोबतच्या कागदावर कुठेच नव्हतं, विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, तेही गेज गेल्यावर. नवीन गेज स्वतःच्या पैशाने टाकला. त्यामुळे आता म्हणेन, चारपाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून एक घ्या, एकट्याला महाग पडतो.

आमच्याकडे प्रत्येक मेकॅनिक नोझल गेला की बीएस सिक्सच्या (नव्या प्रदूषण नियमातल्या, कमी सल्फरच्या) डिझेलवर ढकलतो. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएमवर आलं हे खरं, आणि सल्फर काढताना डिझेलचं वंगण कमी होतं हेही खरं, पण त्यासाठी त्यात वेगळं ॲडिटिव्ह घालतात, भारतीय मानकात वंगणाची मर्यादाही ठरलेली आहे. आमचे ते दोन चांगले नोझल याच डिझेलवर इतकी वर्षं चालले होते. पाणी आणि कचरा मारतो नोझलला, फिल्टर वेळेवर बदला आणि बॅरलच्या तळाचं डिझेल टाकीत ओतू नका.

सध्या दोन नंबरवर गरम झाल्यावर कधीतरी हलकी ठोक येते. इंजेक्टर टेस्टरवर साफ आहे, वायसर नवा आहे, मला पंपातल्या डिलिव्हरी वॉल्व्हचा (पाईपात डिझेल सोडणारा) संशय आहे आणि ते या टेस्टरवर कळत नाही, त्याला पंपाचा बेंचच लागतो. या वेळी पंप दुसऱ्या गावात नेणार आहे, आणि काम संपेपर्यंत तिथंच उभा राहणार आहे.