सायलेन्सर बदलल्यानंतरचं जेटिंग: कार्बोरेटरवाल्या बुलेटचा हिवाळा ते उन्हाळा अनुभव

गाडी 350 सीसीची बुलेट, 2020 च्या आधीची, कार्बोरेटरवाली. दिवाळीनंतर कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा फ्री-फ्लो (वायूला कमी अडवणारा) बसवला, डीबी किलर म्हणजे आवाज दाबणाऱ्या तुकड्यासकट. तेव्हापासून जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी रोजचं येणंजाणं आणि मधूनमधून तुळजापूर, पंढरपूर. माझं मत आधीच सांगतो: गाडीत जो फरक पडला, त्यातला मोठा वाटा सायलेन्सरचा नाही, कार्बोरेटर नीट लावण्याचा, म्हणजे जेटिंगचा आहे. नुसता सायलेन्सर बसवून सोडून देणार असाल तर कंपनीचाच राहू द्या.

नुसता सायलेन्सर होता तेव्हा ॲक्सिलेटर सोडला की मागून फाटफाट आवाज, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं तरी आयडल (ॲक्सिलेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग) लवकर खाली येईना, आणि अर्ध्या थ्रॉटलला पिकअप मध्येच बसायचा. प्लग काढला तर पांढराफटक. कारण सरळ आहे. कंपनी प्रदूषणाच्या नियमांसाठी हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच लीन (पेट्रोल कमी) ठेवते. नव्या पाइपमधून जळालेला वायू मोकळा बाहेर पडतो, हवा जास्त आत येते, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) मात्र जुनेच. पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. असंच महिनोन्‌महिने चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनला धोका असतो.

बहुतेक गॅरेजमध्ये काय करतात? मिक्स्चर स्क्रू फिरवतात आणि गाडी हातात देतात. तो स्क्रू फक्त आयडल आणि अगदी थोड्या थ्रॉटलपुरता काम करतो. पाव ते पाऊण थ्रॉटल कार्बोरेटरमधल्या सुईच्या ताब्यात, त्यापुढे मेन जेट. माझ्या मेस्त्रींनी सुरुवात मेन जेटपासून केली, कारण त्याचा परिणाम खालच्या टप्प्यांवरही पडतो. त्याआधी त्यांनी बेंड पाइपचं गास्केट तपासलं, हे मला फार पटलं. तिथून हवा ओढली जात असेल तरी तसाच फाटफाट आवाज येतो, आणि आपण उगाच पेट्रोल वाढवत बसतो.

मेन जेट बघायची रीत अशी: नवा प्लग, पहाटेचा मोकळा रस्ता, तिसरा गिअर. थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं अंतर जायचं, मग एकदम क्लच दाबून किल स्विच बंद. आयडलवर घरी आणलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. आताच्या पेट्रोलवर जुन्यासारखा विटकरी रंग येत नाही, फिकट तपकिरी छटा दिसली की पुरे. मेन जेट एकेक टप्पा वाढवत नेला आणि इंजिन जड, घोगरं वाटायला लागल्यावर एक टप्पा मागे आणला. सुईला क्लिपच्या जास्त खाचा नव्हत्या, म्हणून तिच्याखाली पातळ वॉशर घालून ती किंचित उचलली. मधला बसणारा पिकअप त्याने गेला. शेवटी आयडलचा पायलट जेट 25 चा 27.5 केला आणि मग स्क्रू.

स्क्रूबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तो इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे सगळं उलटं.

पीयूसी केंद्रावर मशीन सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) टक्केवारी दाखवतं, ती जरूर बघा. आयडलपुरता तो आकडा कानापेक्षा खरा.

आता आपल्या सोलापूरचं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पहाटे पारा 15 च्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी 42. तेवढ्या फरकाने हवा आठ-नऊ टक्के विरळ होते. म्हणजे मे महिन्यात नेमकं लावलेलं मिश्रण थंडीत लीन पडणार. म्हणून शेवटचं सेटिंग थंडीत करून घ्यावं असं मी ठामपणे सांगेन. उन्हाळ्यात गाडी जराशी रिच चालते, ते परवडतं. दुसरी गोष्ट ई20 ची. साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर इंजिन आणखी लीन. जुन्या मेस्त्रींच्या वहीतले जेटचे आकडे आता जसेच्या तसे चालत नाहीत.

फायदा काय झाला? ताकद भरमसाट वाढलेली नाही, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण मधल्या थ्रॉटलला गाडी एकसंध ओढते. तुळजापूरच्या घाटात मागे माणूस असतानाही गिअर आता कमी वेळा पाडावा लागतो. भर उन्हात इंजिन चिडत नाही. ॲव्हरेज 36 च्या आसपास होतं, ते 32-33 वर आलं, आणि ते मला मान्य आहे. फाटफाट जवळजवळ गेली. थोडी उरली आहे ती सेकंडरी एअरची (धूर स्वच्छ व्हावा म्हणून एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारी व्यवस्था), ती बंद करायला मी नकार दिला.

डीबी किलर काढू नका. रात्रपाळीहून परतताना गल्लीत लहान मुलं, आजारी माणसं झोपलेली असतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज-प्रदूषणासाठी पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने जातं.

बीएस6 (2020 पासूनच्या, इंजेक्शनवाल्या) गाडीवाल्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. तिथे ऑक्सिजन सेन्सर आयडल आणि संथ चालीत मिश्रण स्वतः सावरतो, पण फुल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आधीच ठरलेल्या मॅपवरच चालतो. त्यासाठी वेगळं फ्यूल मॉड्यूल किंवा रीमॅप लागतो आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्यावं लागतं. कार्बोरेटरवाल्यांनी मात्र काढलेले जुने जेट नंबराची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावेत आणि कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नये. गाडी विकताना दोन्ही लागतील.