ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान

दुकानाला पाटी नाही. कौपीनेश्वर मंदिराकडून बाजारात शिरल्यावर बाहेर दोरीला कुकरच्या रिंगांच्या माळा लटकलेल्या दिसल्या, की तो अरुंद गाळा दुरुस्तीवाल्या काकांचाच. आत काका, एक स्टूल आणि वर छतापर्यंत लोकांचे मिक्सर. चरईतून मी चालत जाते. गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका, लावायला जागा मिळणार नाही.

माझा पाच लिटरचा कुकर लग्नातला, १९९४ चा. गेल्या वर्षी झाकणातून पाण्याचे ओघळ यायला लागले. शिटी तर रुसूनच बसली. रिंग दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मग लावायची, ही युक्ती मी बरेच महिने चालवली. (चालते, खरंच चालते. पण रोज सकाळी डब्याच्या घाईत बर्फाच्या ट्रेखालून रिंग शोधायची म्हणजे शिक्षाच.) सुनेने मोबाइलवर नवा कुकर बघूनही ठेवला होता. काकांनी रिंग दोन बोटांत वाकवली आणि बारीक चिरा दाखवल्या. "वहिनी, ही वर्षा-दीड वर्षात बदलायची असते. तुम्ही किती ओढलीत?" मी खरं सांगितलं नाही.

रिंग ११० रुपये, सेफ्टी व्हॉल्व्ह ४०. व्हॉल्व्ह चांगला दिसतोय, कशाला बदलायचा, असं मी म्हटलं. कुकरमधलं पाणी आटलं की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. तो जुना झालेला असेल तर आयत्या वेळी भरवसा नाही, असं त्यांनी समजावलं. तिथे काटकसर करायची नाही, हे मलाही पटलं. रिंग घेताना आयएसआयची खूण बघून घ्या. दोरीवर स्वस्तातल्याही असतात, त्या काका आपणहून देत नाहीत, पण मागितल्या तर देतात. हे मला आवडत नाही.

फरक कुठे पडला ते सांगते. सिलेंडर लावला की मी कालनिर्णयवर खूण करते. आधी १४.२ किलोचा सिलेंडर आम्हा चौघांना ३१-३२ दिवस जायचा. रिंग बदलल्यावरचे दोन ३६ आणि ३५ दिवस गेले. मध्ये चार दिवस आम्ही गावी होतो, ते मी धरलेले नाहीत. सगळं श्रेय रिंगेचं नसेल, कारण त्याच सुमारास मी डाळ तासभर भिजवून मगच लावायला लागले. पण वाफ सोडत बसलेला कुकर गॅस खातो, यात शंका नाही.

मिक्सरचा किस्सा वेगळा. चटणीचं भांडं खालून गळायला लागलं. कंपनीच्या सेंटरवाल्याने सुटा भाग मिळत नाही, अख्खं भांडं घ्या, ९५० रुपये, असं सांगितलं. काकांनी पात्याखालचं बुश आणि वॉशर बदलून १६० घेतले. दीड वर्ष झालं, थेंब गळलेला नाही.

पण मी तिथे पुन्हा पुन्हा जाते ते काका नाही म्हणतात म्हणून. नणंदेचा कुकर घेऊन गेले होते. त्याचं बूड फुगलेलं, शेगडीवर डुगडुगायचा. ठोकून सपाट करून द्या, म्हटलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "हा भंगारात द्या. दोनशे रुपये घेऊन मी ठोकून देईन, पण तुमच्या घरात फुटला तर?" पैसे येत असताना असं सांगणारा माणूस बाजारात विरळा.

आता तक्रारी. पावती मिळत नाही. दुपारी दीड ते साडेचार बंद. आणि 'उद्या' या शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा आहे. उद्या म्हणजे निदान तीन दिवस. वस्तू ठेवून येताना झाकणावर मार्करने नाव लिहा, माझ्या मिक्सरचं झाकण एकदा दुसऱ्याच कुणाच्या घरी जाऊन आलंय. आणि कुकरचं नुसतं झाकण नेऊ नका, भांडंही न्या. बसतंय का ते लावून बघितल्याशिवाय काका रिंग देत नाहीत.

सध्या माझं पुरणयंत्र त्यांच्याकडे आहे, दांडा ढिला झालाय. होळीच्या आधी पाहिजे म्हटलं. म्हणाले, उद्या.