एलओआरचं (शिफारसपत्राचं) पॅकेज घेतलं अन पस्तावलो (१ स्टार)

संभाजीनगरच्या एका फॉरेन एज्युकेशनवाल्या कन्सल्टन्सीचा अनुभव आहे, नाव टाकत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून सॉईल सायन्सला एमएस्सी झालं माझं, आता बाहेर पीएचडीला अप्लाय करायलो. एसओपी (काय शिकायचं अन का, ते सांगणारा आपला निबंध) आणि २ एलओआर मिळून ७,००० चं पॅकेज. ऑफिस झकास, एसी, चहा वेळेवर. तो १ स्टार चहाचा.

चौथ्या दिवशी लेटर आलं, माझ्या गाइडच्या नावानं. सर असं इंग्रजी जन्मात बोलले नाहीत. मी मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर, सगळं होतं, पण मी केलं काय ते एका ओळीत पण नाही आणि खाली एका ठिकाणी मी चक्क मुलगी झालेलो. नांदेडच्या दोस्तानं तिथूनच घेतलेलं, त्याचं शेजारी ठेवून बघितलं तर दुसरा पॅरा शब्दाला शब्द सेम, तो सिव्हिलवाला अन मी मातीवाला! वरून मॅडम म्हणायल्या, सरांना कशाला त्रास, त्यांच्या नावानं जीमेल उघडू अन आपणच अपलोड करू. अहो ही सरळ बनवाबनवी झाली. बऱ्याच युनिव्हर्सिट्या सरांचा ऑफिशियल मेलच मागतात, पकडलं तर माझं जाईल ते जाईल, सरांचं नाव खराब.

मग गपचूप परभणीची गाडी धरली. खरं सांगायचं तर सरांकडं जायची लाज वाटायली होती, दीड वर्षात एक फोन नाही, दिवाळीचा मेसेज पण फॉरवर्ड केलेला. म्हणूनच तर पॅकेज घेतलं होतं ना. मार्कशीट, थिसिसचा गोषवारा अन डेडलाइनच्या तारखा एका कागदावर लिहून नेल्या, ५ आठवडे हातात होते. म्हणलं, सर, माझ्याबद्दल दमदार लिहिता येईल का, नसेल जमत तर तसं सांगा, राग नाही. मला वाटलं आता म्हणतील तूच लिहून आण, मी सही करतो, सगळीकडं तेच चालतं. सर म्हणाले, "ते रबरी बुचाचं आठवतं का रे?"

मी विसरलोच होतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पिकाला झिंक कमी मिळतं, माझा विषयच तो. मातीत डीटीपीए (मातीतलं झिंक ओढून घेणारं रसायन) टाकून २ तास शेकरवर हलवायचं, गाळायचं, मशीनवर रीडिंग घ्यायचं. तर माझ्या ब्लँकमध्येच झिंक दिसायलं, ज्यात माती नाहीच त्यात झिंक आलं कुठून? दोन दिवस डोकं खाल्लं, मग कळलं बाटल्यांच्या रबरी बुचातून उतरायलं. सबमिशन तोंडावर असताना ६० नमुने परत केले अन चुकलेली रीडिंग वहीत तशीच ठेवली. सरांनी तेच लिहिलं, एकच पान, अन 'लिखाणात कच्चा आहे, पण सुधारायलाय' हे पण टाकलं. युनिव्हर्सिटीच्या लिंकवर चढवायच्या आधी स्वतःच वाचून दाखवलं मला. कन्सल्टन्सीच्या फॉर्मात काय विचारलं होतं, तर हॉबीज.

टाइम लागला, दोन आठवडे, मधी एक रिमाइंडर भीत भीत टाकला. खर्च म्हणाल तर गाडीभाडं अन अर्धा किलो पेढे, ते पण सरांनी अख्ख्या डिपार्टमेंटला वाटून टाकले.

एलओआरचे ३,००० तरी वापस द्या म्हणून महिना झाला फोन करायलो. मॅडम मीटिंगमध्ये आहेत.