२००३ सालचा नूतनीकृत पंपर: एका स्वयंसेवी अग्निशमन दलाने घेतलेल्या जुन्या बंबाचे परीक्षण

पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातील ज्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा मी सदस्य आहे, त्या दलाने अलीकडेच २००३ सालचा एक पंपर, म्हणजे मोठा पंप आणि पाण्याची टाकी असलेला बंब, विकत घेऊन त्याचे नूतनीकरण करून घेतले. मी वाहन समितीवर असल्यामुळे गाडीच्या निवडीपासून ती ताब्यात येईपर्यंतचा सारा व्यवहार मला जवळून पाहता आला. हे परीक्षण त्या गाडीचे आहे, तसेच ती पुन्हा उभी करून देणाऱ्या कार्यशाळेच्या कामाचेही आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. पंप उत्तम, टाकी उत्तम, वीजजोडणी समाधानकारक, रंगकाम दिखाऊ. केबिनच्या बाबतीत मात्र कितीही पैसे ओतले तरी २००३ साल मागे टाकता आलेले नाही.

महाराष्ट्रात अग्निशमन हे नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे पगारी खाते असल्यामुळे तेथील वाचकांना ही व्यवस्था अपरिचित वाटेल. अमेरिकेतील सुमारे दहा लाख अग्निशामकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, आणि ही परंपरा बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात १७३६ मध्ये काढलेल्या युनियन फायर कंपनीइतकी जुनी आहे. अशा दलाला स्थानिक प्रशासनाकडून काही रक्कम मिळते, संघराज्य सरकारच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो, आणि उरलेले पैसे रविवारच्या पॅनकेक न्याहारीतून व लॉटरीच्या तिकिटांतून उभे करावे लागतात. नव्या पंपरची किंमत आता दहा लाख डॉलरच्या आसपास पोहोचली असून मागणी नोंदवल्यावर गाडी हाती येण्यास काही वर्षे लागतात. त्या मानाने आमचा एकूण खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या पाव हिश्शाहून कमी झाला.

परंतु ‘नूतनीकृत’ म्हणजे नेमके काय, हे करारावर सही करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे, कारण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या एनएफपीए या अमेरिकी संस्थेच्या १९१२ क्रमांकाच्या मानकात, जे २०२४ पासून १९१० या एकत्रित मानकात समाविष्ट झाले आहे, नूतनीकरणाच्या दोन पातळ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पातळीत चासिसची चौकट, केबिन, पुढचा आस, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन हे सर्व नवे असते, आणि जुन्या गाडीचे चांगले भाग त्यावर बसवण्याची मुभा असते. दुसऱ्या पातळीत चासिस व केबिन जुनीच राहते, आणि बदललेले भाग मूळ गाडी तयार झाली त्या काळच्या मानकात बसले तरी पुरते. आमची गाडी दुसऱ्या पातळीची आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त गाड्या त्याच पातळीच्या असतात, मात्र विक्रेते ही गोष्ट आपणहून क्वचितच सांगतात.

वयाबाबतचा सल्ला स्पष्ट आहे. पंधरा वर्षे उलटलेली गाडी सुधारणा करून राखीव म्हणून ठेवावी आणि पंचवीस वर्षांनंतर ती सेवेतून काढावी, असे एनएफपीएच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. तसा सरसकट नियम येथे नाही, म्हणूनच जुन्या बंबांचा एवढा मोठा बाजार येथे टिकून आहे.

गाडी निवडताना आम्ही सर्वांत जास्त वेळ तिच्या खाली झोपून घालवला, आणि ते योग्यच होते. ईशान्य अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ आणि खारे द्रावण पसरतात. ते चौकटीच्या दुहेरी पट्ट्यांमध्ये शिरून बसते, तेथे गंज धरतो, आणि फुगलेला गंज जाडजूड पोलादी पट्ट्याही एकमेकींपासून दूर ढकलतो. वरून रंगवलेल्या चौकटीत हा दोष दिसत नाही. पट्ट्यांच्या कडेला सरळ पट्टी लावली की फुगवटा कळतो. आमची गाडी दक्षिणेकडील, बर्फ न पडणाऱ्या भागातील दलाकडून आलेली असल्यामुळे तिची चौकट निरोगी निघाली. कार्यशाळेने ब्रेकचे ड्रम, हवेच्या नळ्या आणि सातही टायर, म्हणजे सुट्या चाकाच्या टायरसह, बदलून दिले. टायरच्या बाजूवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक असतात, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सात वर्षांनंतर टायर बदलावेत असा नियम आहे, त्यामुळे ते अंक आम्ही प्रत्येक टायरवर स्वतः वाचून घेतले.

या गाडीचे खरे मूल्य तिच्या पंपात आहे. त्याची क्षमता मिनिटाला १,२५० गॅलन, म्हणजे सुमारे ४,७३० लिटर आहे. कार्यशाळेने पंप पूर्ण उघडून इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारे फिरते चक्र, आणि झिजणाऱ्या कड्या तपासल्या, शाफ्टभोवतीचे सील बदलले, पाण्याच्या वाटेवरील बहुतेक झडपा नव्या सुट्या भागांनी बांधल्या आणि पंपाऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे तुकडे नवे बसवले. या कामाची परीक्षा कागदावर होत नाही, ती तळ्याकाठी होते. पंपाने १५० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाला पूर्ण क्षमता वीस मिनिटे, २०० पीएसआयला सत्तर टक्के, म्हणजे ८७५ गॅलन, दहा मिनिटे, आणि २५० पीएसआयला निम्मी, म्हणजे ६२५ गॅलन, दहा मिनिटे द्यावी लागते. त्याआधी निर्वात चाचणी होते, जिच्यात पाऱ्याच्या २२ इंचांइतका निर्वात निर्माण करून पाच मिनिटांत तो १० इंचांहून जास्त घटत नाही ना, हे पाहतात. आमच्या भागात हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ, जवळजवळ नाहीत. टँकरने आणलेले पाणी आम्ही जमिनीवर उघडलेल्या ताडपत्रीच्या टाकीत ओततो आणि तेथून किंवा थेट तळ्यातून कडक सक्शन पाइपाने उपसतो. त्यामुळे शहरातील दलाला दुय्यम वाटेल अशी निर्वात चाचणी आमच्यासाठी निर्णायक होती. पहिल्या वेळी एका बाजूच्या झडपेतून हवा शिरत होती. कार्यशाळेने कुरकुर न करता ती झडप पुन्हा बसवून दिली, आणि दुसऱ्या वेळी पंपाने सर्व टप्पे पार केले. या चाचणीची कागदपत्रे केवळ समाधानासाठी नसतात. घरांच्या विम्याचे हप्ते ठरवताना अनेक कंपन्या वापरतात त्या आयएसओच्या (विमा कंपन्यांसाठी जोखीम मोजणारी अमेरिकी संस्था) एक ते दहा या श्रेणीमध्ये पंपांच्या वार्षिक चाचण्यांची नोंद पाहिली जाते, आणि त्या श्रेणीत एक हा क्रमांक सर्वोत्तम समजतात.

पाण्याची टाकी १,००० गॅलनची, पॉलिप्रॉपिलीनची आहे, म्हणून तिला गंजाचे भय नाही. भरल्यावर केवळ पाण्याचेच वजन पावणेचार टन होते, आणि वळणावर ते पाणी एका बाजूला झेपावू नये म्हणून आत आडव्या-उभ्या भिंती असतात. त्या शाबूत असल्याचे झाकण उघडून दिवा सोडून पाहता आले. फेसाच्या टाकीविषयी मात्र खरेदीदारांनी विशेष सावध राहावे. पूर्वीच्या दलाने तिच्यात तेलाच्या आगींसाठी वापरतात तो फ्लोरिनयुक्त फेस ठेवला होता. त्यातील पीएफएएस ही आरोग्यास घातक, सहजी न विघटणारी रसायने वारंवार धुऊनही टाकीच्या आणि नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर राहतात आणि पुढे नव्या, फ्लोरिनविरहित फेसात उतरतात. कार्यशाळा धुऊन देण्यास तयार होती; आम्ही ती टाकी आणि तिच्या नळ्या संपूर्ण काढून टाकायला लावल्या. खर्च वाढला, पण शेजारच्या शेतांतील विहिरींचे पाणीच लोक पितात, तेव्हा यावर चर्चा लांबवण्याचे कारण नव्हते.

वीजजोडणीची अवस्था जुन्या चाळीतील मीटरच्या खोलीसारखी होती. वीस वर्षांत ज्याला जो रेडिओ, दिवा किंवा चार्जर हवा होता, त्याने त्यासाठी स्वतंत्र तार ओढली होती. कार्यशाळेने मृत तारा काढल्या, फ्यूजच्या पेट्या नव्याने मांडल्या आणि फिरत्या हॅलोजन दिव्यांच्या जागी एलईडी बसवले, त्यामुळे आल्टरनेटरवरचा भार लक्षणीय कमी झाला. काम नीटनेटके आहे. परंतु बदललेल्या जोडणीचा नकाशा गाडीबरोबर मिळाला नाही. तो मागून मागून आला आणि जो आला तोही अपुरा आहे. मध्यरात्री सायरन बंद पडल्यास कोणती तार कोठे जाते हे शोधणारा माणूसही स्वयंसेवकच असतो, हे कार्यशाळेने लक्षात घ्यायला हवे होते.

केबिन पूर्ण बंदिस्त आहे. ती अट १९९१ पासूनच आहे. आसनांचे सुरक्षा-पट्टे नवे, आसनांची कापडे नवी. मात्र नव्या गाड्यांसाठीच्या २००९ च्या मानकाने आणलेली पट्टा न लावल्याची सूचना आणि वाहनाची नोंद ठेवणारे यंत्र या गाडीत मुळात नव्हते, आणि दुसऱ्या पातळीच्या नूतनीकरणात ते बसवण्याची सक्ती नाही. आम्ही पट्ट्यांची सूचना वेगळे पैसे देऊन बसवून घेतली. मागच्या बाजूच्या लाल आणि झगझगीत पिवळ्या तिरप्या पट्ट्याही २००९ च्या मानकातील आहेत. त्या तुलनेने स्वस्त असून महामार्गावर उभ्या गाडीमागे काम करणाऱ्यांचा जीव वाचवू शकतात, म्हणून कोणत्याही दलाने त्यांत काटकसर करू नये. घसरणे आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली मात्र अशा जुन्या चासिसवर व्यवहार्य खर्चात बसत नाही. त्यावर उपाय एकच उरतो, तो म्हणजे चालकाने वेग आवरणे, आणि आमच्या दलाने या गाडीसाठी वेगाची वेगळी मर्यादा लेखी घालून दिली आहे.

इंजिन २००७ पूर्वीचे असल्यामुळे त्यात काजळी गाळणारा फिल्टर नाही. चालकांना हे आवडते, कारण पंप चालू असताना फिल्टर जाळून साफ करण्याचा खोळंबा होत नाही. मला ते तितकेसे आवडत नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्ककारक ठरवले आणि २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायालाच त्या गटात घातले, त्यामुळे ही गाडी घेताना धूर बाहेर खेचणारी नळी शेडमध्ये बसवण्याचा खर्चही आम्ही तिच्याच किमतीत धरला.

रंगाविषयी थोडक्यात. लाल रंग आणि सोनेरी अक्षरे पाहून गावातील मंडळी खूश झाली. पण कप्प्यांच्या दारांच्या खालच्या कडांना पहिल्याच हिवाळ्यानंतर फुगे आले आहेत. कार्यशाळेने हमीअंतर्गत ते दुरुस्त करण्याचे मान्य केले आहे. कबूल केलेल्या मुदतीपेक्षा गाडी उशिरा मिळाली, मात्र कामाच्या दरम्यान आम्हाला केव्हाही येऊन पाहू दिले आणि काढलेले जुने भाग दाखवले, ही गोष्ट कार्यशाळेच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

ज्या दलाकडे चांगला पहिला पंपर आहे आणि दुसरा हवा आहे, अशा दलाला मी हा व्यवहार सुचवीन. एकमेव गाडी म्हणून, किंवा महामार्गावर रोज धावणाऱ्या दलासाठी, मी तो सुचवणार नाही. २०२८ मध्ये ही गाडी पंचवीस वर्षांची होईल. तिच्या जागी येणाऱ्या गाडीसाठी आमच्या सर्वसाधारण सभेने आत्ताच वेगळे खाते उघडले असून, नवी गाडी मिळायला काही वर्षे लागतात हे धरून तिची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात नोंदवायची आहे.