डबी काढली, डिस्क ठेवली : अॅनिमेच्या कपाटाचे नऊ महिने

फेब्रुवारीत मी माझ्या अॅनिमेच्या, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिकांच्या, डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या २०० डब्या उघडल्या, आतल्या डिस्क आणि कव्हरचे कागद प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये (पातळ पाकिटांत) घातले आणि रिकाम्या डब्या तीन पोत्यांत कोंबून माळ्यावर टाकल्या. आता नोव्हेंबर चालू आहे. मधे एक उन्हाळा गेला, कोल्हापूरचा अख्खा पावसाळा गेला, एक ड्रॉवर दोनदा करून घ्यावा लागला. एवढ्या दिवसांनी स्लीव्हबद्दल बोलायला हरकत नाही.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं. माझ्या वाट्याला भिंतीतलं एक कपाट, तीन फुटी चार फळ्या. डीव्हीडीची नेहमीची डबी १४ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एका फळीवर पासष्टेक बसतात. आतली डिस्क किती जाड? १.२ मिलिमीटर. बाकी सगळी हवा, आणि ती हवा मेहुण्याच्या बॅगेतून न्यू जर्सीहून कोल्हापूरला येत होती. डिस्कचं वजन १५-१६ ग्रॅम, डबी तिच्या तिप्पट-चौपट जड. मेहुणा एकदा म्हणाला, "दाजी, २३ किलोत माझे कपडे आणू की तुमची खेळणी?" त्याचं चुकलं नव्हतं.

चारही फळ्या भरल्या, मग पुढं दुसरी रांग लागली. दुसरी रांग लागली की मागची मेली समजायचं. मागं काय आहे ते विसरायला होतं, आणि एक मालिका मी दोनदा मागवली तेव्हा घरात चर्चा झालीच.

म्हणून स्लीव्ह. पहिल्यांदा स्वस्तातल्या घेतल्या, ५० चा गठ्ठा. उघडल्या उघडल्या नव्या रेनकोटचा वास. तो वास आला की त्या वापरू नका. हे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर सुटतं आणि डिस्कवर चिकट थर धरतं. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, वास नसतो, जरा कडक लागतात, चुरगाळलं की कुरकुर आवाज येतो. माझ्या आताच्या त्या आहेत. एका बाजूला दोन डिस्कचे कप्पे, त्यांना आतून पांढरं मऊ अस्तर, दुसऱ्या बाजूला डबीचा कागद दुमडून सरकवायची जागा. कागद न कापता बसतो, हे मला महत्त्वाचं होतं.

हिशेब असा. २०० डब्यांची रांग दोन मीटर ८० सेंटीमीटर होती. त्याच गोष्टी स्लीव्हमध्ये घालून मोजल्या तर ६२ सेंटीमीटर. मी तीनदा टेप लावला.

पण स्लीव्ह फळीवर उभ्या राहत नाहीत. डबी आपली आपण उभी असते. स्लीव्ह म्हणजे लग्नात जेवून सुस्तावलेला माणूस, शेजाऱ्यावर रेलतो. आठवड्याभरात पूर्ण रांग आडवी. आणि डबीच्या कण्यावरचं नाव गेलेलं असतं, त्यामुळं काहीही शोधायचं म्हणजे चाळायचं. तेव्हा ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे खण असायचे तसा ड्रॉवर करायचं ठरलं. उद्यमनगरात एका मिस्त्रींना गाठलं. मी मापं घेऊन गेलो होतो : डीव्हीडीची डबी उंचीला १९० मिलिमीटर, रुंदीला १३५, जरा सैल धरा. मिस्त्रींनी आतून १९५ चा ड्रॉवर झक्क करून दिला, मागं ढकलायची फळीसुद्धा लावली. घरी आणून भरला तर बंद होईना. स्लीव्हला चारी बाजूंनी शिवण असते, वर झाकणाची पट्टी. ती डबीपेक्षा बोटभर उंच. परत घेऊन गेलो तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुम्ही माप टाकून दिलेल्या डबीचं आणलंय साहेब. ठेवायचं ह्यात हाय, मग फुटपट्टी ह्याला लावाय नको व्हय?" यावर काय बोलणार. दुसऱ्या खेपेला आतून २१० केला. तो आजवर व्यवस्थित चालतोय.

नावांसाठी दर दहा स्लीव्हमागं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड, वर डोकावणाऱ्या पट्टीवर अक्षर. हे काम एका रविवारचं आहे, पण ते केल्याशिवाय या पद्धतीला हात घालू नये.

आता फॉरमॅटचं. जागा वाचवायची म्हणून लोक म्हणतात सगळं ब्लू-रेवर न्या. डबी थोडी बुटकी, साधारण १७२ मिलिमीटर, पुष्कळदा बारीकही, आणि डिस्कवर २५ किंवा ५० जीबी मावतं, डीव्हीडीवर ४.७ किंवा ८.५. हे खरं असलं तरी अॅनिमेत एक मेख आहे. मालिका कशावर बनली होती ते आधी बघायला लागतं. १९९० च्या दशकातल्या बहुतेक मालिका सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर, हातानं रंगवून फिल्मवर चित्रित केलेल्या. फिल्ममध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो, त्यामुळं फिल्म नव्यानं स्कॅन करून काढलेली ब्लू-रे बघताना रंगाच्या ब्रशचे फटकारे दिसतात. १९९८ ची 'काउबॉय बिबॉप' हे त्याचं चांगलं उदाहरण. २००० च्या आसपास स्टुडिओ संगणकावर रंगवायला लागले, आणि पुढची काही वर्षं बरंचसं काम टीव्हीच्या त्या वेळच्या मापातच तयार झालं. तिथं मागं फिल्म नाहीच, स्कॅन कशाचं करणार? अशा मालिकेची ब्लू-रे म्हणजे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. २००३ ची 'फुलमेटल अल्केमिस्ट' त्यातली, ५१ भागांची. माझ्याकडं तिची डीव्हीडी आहे आणि ती बदलायचा विचार नाही. त्याच गोष्टीवरची २००९ ची ६४ भागांची दुसरी मालिका मात्र ब्लू-रेवरच घ्यावी.

म्हणजे जुनं ते ब्लू-रेवर, मधलं डीव्हीडीवर, नवं परत ब्लू-रेवर. उलटसुलट वाटतं, पण टीव्हीसमोर बसून बघितलं की पटतं. एक गोष्ट मान्य करायला पाहिजे : ब्लू-रेवर ताणलेलं चित्रसुद्धा कमी दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असतं, त्यामुळं संध्याकाळच्या आकाशात पट्टे कमी पडतात आणि हलत्या रेघांना कंगव्यासारखे दाते येत नाहीत. ज्याला त्याचा त्रास होतो त्यानं घ्यावी. मला होत नाही. मी कॅसेट लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या व्हीसीडीवर वाढलेला माणूस आहे.

काही कंपन्या जुन्या मापाचंच चित्र न ताणता ब्लू-रेवर भरतात. डीव्हीडीवर २४ मिनिटांचा एक भाग दीड-पावणेदोन जीबी खातो. ५० जीबीच्या एका डिस्कवर तसे २५ भाग बसतात. सहा डिस्कचं काम एका डिस्कवर. जागेच्या दृष्टीनं याला तोड नाही, फक्त असं फार थोडं निघतं.

जागा सगळ्यात जास्त खाते जपानी आवृत्ती. तिथं एका डिस्कवर बहुतेक दोनच भाग देतात, १२ भागांच्या मालिकेचे सहा खंड, प्रत्येकाला वेगळी डबी, पुस्तिका, कागदाचा पट्टा, आणि बऱ्याचदा इंग्रजी सबटायटल नसतात. तेच अमेरिकेत दोन डिस्कच्या एका डबीत मिळतं. माझ्याकडं एकच जपानी संच आहे, नागोयात नोकरी करून आलेल्या मित्रानं दिलेला. त्याला मी हात लावला नाही. पुठ्ठ्याच्या घडीतल्या डिस्क, पत्र्याच्या डब्या, पुस्तिकेसकटचे बॉक्स असे ३६ नग जसेच्या तसे फळीवर आहेत. ती घडी हीच वस्तू आहे, ती मोडून काय ठेवायचं?

पुष्कळ अमेरिकी संचांत ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही एकत्र असायच्या, त्यातल्या डीव्हीडी बाहेर काढल्या. ४० एक निघाल्या. इचलकरंजीच्या आतेभावाला दिल्या. तो खूश, त्याच्याकडं डीव्हीडी प्लेअरच आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "दादा, एक बी चालत न्हाई की." प्रदेशाचा कोड. जगाचे भाग पाडून डिस्कला आणि प्लेअरला नंबर दिलेले असतात, ते जुळले तरच डिस्क चालते. भारत डीव्हीडीसाठी ५ नंबरात, अमेरिका १, जपान २. प्लेअरला गुप्त मेनूतून सगळे प्रदेश मोकळे करता आले, मग चालल्या. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हला प्रदेश पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो. माझा एक १ वर अडकलेला आहे आणि ते बरंच झालं. ब्लू-रेत अमेरिका आणि जपान दोघंही ए मध्ये, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, आपण सी. इथल्या दुकानातला प्लेअर अमेरिकेची डिस्क नाकारू शकतो, तेव्हा प्लेअर घेण्याआधी विचारा. फोर-के डिस्कला ही भानगड नाही.

इंग्लंडची डीव्हीडी स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांना एक सूचना : तिकडं टीव्हीची पाल पद्धत. सेकंदाला २४ चौकटींचं चित्र पुष्कळदा २५ नं पळवतात, म्हणजे चार टक्के जास्त वेगात. संवादात कळत नाही, पण पाठ असलेलं सुरुवातीचं गाणं जरा वरच्या पट्टीत लागलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

पावसाळा. जुलैत आमच्याकडं मिठाची बरणी पाझरते, तर कागदाचं काय होईल ही मला धास्ती होती. ऑगस्टात ड्रॉवर काढला तेव्हा सात-आठ गुळगुळीत कव्हरं स्लीव्हच्या आतून चिकटलेली दिसली. ओढली असती तर शाई निघाली असती. तशीच ठेवली, ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप सुटली, एकावर डाग राहिला. डिस्कना काही झालं नाही. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या मित्राच्या घरात पाणी शिरलं होतं. त्याच्या डिस्क आम्ही साध्या पाण्यानं धुतल्या, पुसल्या, बहुतेक चालल्या; कव्हरांचा मात्र लगदा झाला होता. ते लक्षात ठेवून, आता जागा झाल्यावर, मी खालच्या फळीवर काहीच ठेवत नाही. ड्रॉवरमध्ये आता सिलिका जेलच्या पुड्या आहेत, कोपऱ्यात चार. त्या जूनच्या आधी ठेवायला पाहिजे होत्या.

खरी तक्रार वेगळीच आहे. सप्टेंबरमध्ये तीन ब्लू-रेवर जाळीसारखी पुसट नक्षी दिसली, अस्तराच्या विणीची. मी ड्रॉवरमध्ये स्लीव्ह ठासून भरल्या होत्या, त्या दाबानं ती उमटली. मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसलं (गोल गोल पुसायचं नाही), दोनांवरची गेली. तिसरीवर आहे, चालते, पण मी दर वेळी लावताना बघतो. ब्लू-रेतली माहिती पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर असते, डीव्हीडीची ०.६ वर, मध्यात. ब्लू-रेवर कडक थर असतो म्हणून बारीकसारीक ओरखडे ती सहन करते, पण खोल गेला तर तिथंच संपलं. विकणाऱ्यानं अस्तराबद्दल एक शब्द लिहिलेला नव्हता, विचारलं तर उत्तर आलं, "सर, डिस्क सांभाळून वापरा." आता ड्रॉवरमध्ये चार बोटं मोकळी सोडतो. त्यामुळं ६२ सेंटीमीटरचे ७० झाले, तेवढं चालतं.

काढताना दोन बोटांनी तोंड फाकवून डिस्क कडेनं धरावी लागते. डबीत मधलं बटण दाबलं की डिस्क वर यायची, ते सुख गेलं. पाहुण्यांना दाखवायला कपाटही राहिलं नाही. पूर्वी कोणी आलं की रंगीत कणे बघून विचारायचं, आता ड्रॉवर बघून वाटतं पतपेढीच्या पासबुकांचा खण आहे.

डब्यांची पोती सहा महिने माळ्यावर होती. स्लीव्ह जमल्या नाहीत तर परत घालू, असं मनात होतं. ऑगस्टात भंगारवाल्याला दिली. त्यानं एक डबी उघडली, आतल्या दातेरी चक्रावर अंगठा दाबून बघितला, "ह्यात काय ठेवायचा, चपाती?" आणि वजन केलं. ५० डब्या मात्र ठेवल्या आहेत, कधी काही विकायचं झालं तर डबीशिवाय कोणी घेत नाही.

अजून जाड संच स्लीव्हमध्ये जायचे आहेत, सात मिलिमीटरच्या बारीक डब्याही आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. दुसरा ड्रॉवर सांगून ठेवलाय. या वेळी मी मापाची चिठ्ठी दिली तर मिस्त्रींनी ती घेतली नाही, डिस्कसकट भरलेली एक स्लीव्हच ठेवून घेतली. काल परत मागायला गेलो, त्या डिस्कवर मालिकेचे शेवटचे चार भाग आहेत. म्हणाले, "आधी ड्रॉवर बसू दे."