लहान गावचा विमानतळ सुधारायचा तर आधी काय: लांबी, दिवे, टर्मिनल की नवी जागा?

जिल्ह्याच्या गावाला जुनी धावपट्टी आहे, भोवती वस्ती वाढली आहे आणि आता निधी यायची चिन्हं आहेत. मग बैठकीत चार सूर निघतात. एक म्हणतो, धावपट्टी लांब करा, मोठं विमान येईल. दुसरा म्हणतो, आधी नाइट लँडिंग. तिसऱ्याला पाहुण्यांना दाखवण्याजोगं टर्मिनल हवं असतं. चौथा, बहुधा जमिनीचे भाव तोंडपाठ असलेला, म्हणतो, हे सगळं सोडा, गावाबाहेर नवा कोराच विमानतळ बांधू. अशा बैठकीत तुम्हाला हात वर करायचा असेल, तर महाराष्ट्रातलीच उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. माझं मत आधीच सांगतो: विमान ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उतरेल याची सोय जो पर्याय करतो, त्याला पहिला पैसा. टर्मिनल सगळ्यात शेवटी.

कोल्हापूर आणि चिपी यांची जोडी घ्या. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ 1939 सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. धावपट्टी होती 1370 मीटरची. केंद्राच्या उडान योजनेखाली (लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणारी) एप्रिल 2018 मध्ये विमानसेवा पुन्हा सुरू झाली ती याच आखूड धावपट्टीवर. पुढे ती 1930 मीटर झाली, रात्रीच्या उड्डाणांची सोय झाली, आणि नव्या टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला, म्हणजे विमानं येऊ लागल्यावर जवळपास सहा वर्षांनी. पुढचा विषय 2300 मीटरचा, आणि तिथेही प्रश्न जमिनीचाच.

परुळे-चिपीच्या माळावरचा सिंधुदुर्ग विमानतळ मात्र पहिल्या दिवसापासून 2500 मीटरचा. 9 ऑक्टोबर 2021 ला मोठ्या थाटात सुरू झाला. मुंबईची सेवा उडानच्या तीन वर्षांच्या मुदतीवर होती. मुदत संपली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती थांबली. मधल्या काळात जानेवारी 2023 पासून सावंतवाडीच्या पलीकडे गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला होता. तिथे दिवसभर विमानं, तिकिटाला पर्याय, रात्री उतरायची सोय. मालवणचा माणूस दोन तास गाडीत बसेल, पण आज विमान येणार की नाही या धाकधुकीत राहणार नाही. चिपीला धावपट्टी कमी पडली नव्हती.

लांबी की दिवे?

लांबीचं गणित सोपं आहे. एटीआर 72 हे सत्तर-पंचाहत्तर प्रवाशांचं पंख्याचं विमान समुद्रसपाटीला, साध्या हवेत साधारण 1300 मीटरमध्ये पूर्ण वजनाने उडतं. एअरबस 320 ला साधारण 2100 मीटर लागतात. पण आपला दख्खन समुद्रसपाटीला नाही आणि हवाही साधी नसते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की हवा विरळ होते, विमानाला जास्त धावावं लागतं. नाहीतर काही खुर्च्या रिकाम्या ठेवून उडावं लागतं. म्हणून ‘एटीआरला 1400 पुरे’ असं कोणी कागदावर दाखवलं, तर तापमान कितीचं धरलं ते विचारा. अमरावतीच्या बेलोऱ्याला 1850 मीटर केले आणि एप्रिल 2025 मध्ये मुंबईचं एटीआर उतरलं. लहान गावाला पहिल्या टप्प्यात माझ्या मते एवढं पुष्कळ झालं.

एअरबसचा हट्ट धरला की बाकीचा खर्चही वाढतो. अग्निशमनाचा दर्जा पाचवरून सहावर जातो, फेस करायला हाताशी ठेवायचं पाणी 5400 लिटरवरून 7900 लिटरवर जातं आणि त्यामागे माणसंही वाढतात. एवढं करून ते विमान आठवड्यातून दोनदा येणार असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

दिव्यांचं मोल वेगळं आहे. व्यापारी, वकील, रुग्ण घेऊन जाणारे नातेवाईक यांना सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी यायचं असतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवे नसतील तर परतीचं विमान दुपारीच उतरवावं लागतं, आणि मुंबईत दुपारच्या वेळा मागून मिळत नाहीत. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे वेळा मिळणं सोपं होईल अशी आशा धरायला जागा आहे. पण ती वेळ संध्याकाळी सातची निघाली आणि तुमच्याकडे दिवे नसले, तर ती दुसरं गाव उचलणार.

दिव्यांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व आहे उपकरणांच्या आधाराने उतरण्याच्या सोयीला. ती नसली की वैमानिकाला डोळ्यांनी दिसेल तेवढ्यावरच उतरावं लागतं आणि त्यासाठी पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. एका लहान विमानतळावर डिसेंबरातल्या सकाळी मी पाहुण्यांना घ्यायला उभा होतो. भोवती उसाची शेतं, त्यावर धुक्याची जाड साय. विमानाचा आवाज डोक्यावर दोनदा फिरला, मग लांब गेला. शेजारी झेंडूचे हार घेऊन आलेल्या कार्यकर्त्याने हार परत पिशवीत कोंबले. साडेनऊला लख्ख ऊन पडलं, तेव्हा पाहुणे जिथून निघाले होते तिथे परत उतरलेले होते. असं महिन्यातून तीनदा झालं की लोक रात्रीच्या बसचं तिकीट काढतात.

आता यासाठी महागडी आयएलएस यंत्रणाच (जमिनीवरून रेडिओ लहरींनी विमानाला वाट दाखवणारी) लागते असं नाही. आपल्या गगन उपग्रह प्रणालीच्या आधारे एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एटीआर उतरवून दाखवलं आहे. जमिनीवर महागडे अँटेने न उभारता.

मात्र जमीन लागतेच. फक्त डोळ्यांनी उतरायच्या लांब धावपट्टीला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 75-75 मीटर मोकळी पट्टी चालते. उपकरणांनी उतरायचं तर 140-140 मीटर. शिवाय दोन्ही टोकांना सुरक्षा क्षेत्र, किमान 90 मीटर, शिफारस 240 ची. बैठकीत सगळे लांबीवर भांडतात. मला वाटतं गावाचं भवितव्य या रुंदीत असतं, कारण घरं, विहिरी, डीपी, मंदिरं सगळी बाजूलाच असतात.

जुना की नवा?

याला सोलापूरइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. होटगी रस्त्याचा विमानतळ शहराला लागून, धावपट्टी दोन किलोमीटरच्या वर. उडानच्या पहिल्याच फेरीत, 2017 मध्ये, सोलापूरचं नाव होतं. अडचण होती सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीची, सुमारे 90 मीटर उंच. नियम असा, की विमानतळाभोवती सुमारे चार किलोमीटरच्या वर्तुळात 45 मीटरच्या वर काही आलं की तो अडथळा. चिमणी कारखान्याच्या वीजप्रकल्पाची, सभासद शेतकरी. दोन्ही बाजूंना रास्त म्हणणं होतं. कोर्टकचेऱ्या, मोर्चे होऊन 15 जून 2023 ला ती पाडली. पडायला काही सेकंद लागले. त्यानंतरही पहिलं विमान, गोव्याचं, उडालं ते 9 जून 2025 ला.

दुसरा पर्याय होता हैदराबाद रस्त्यावरचं बोरामणी. शेकडो हेक्टर जमीन घेतलेली, भविष्यात हवी तेवढी लांबी. पण त्यात वनजमीन आली आणि भोवती माळढोकचा प्रदेश. आजही तिथून विमान उडत नाही. चिमणी धरून एकूण आठ वर्षं गेली हे खरं, पण उडालं ते जुन्या जागेवरूनच.

म्हणून माझा कल जुन्याकडे. अपवाद एकच: 140 मीटरच्या पट्टीत पक्की वस्ती असेल आणि तिचं पुनर्वसन प्रामाणिकपणे जमणार नसेल, तर नवी जागा शोधा. तेव्हाही आधी वनखात्याचा नकाशा, मग सातबारा.

टर्मिनलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एका एटीआरच्या प्रवाशांना सावली, पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि सामान तपासायची नीट जागा लागते. कोल्हापूरच्या कमानी सुंदर आहेत, पण त्या मागाहून आल्या.

एक गोष्ट बैठकीत कोणी काढत नाही, तुम्ही काढा: अनुदान संपल्यावर काय? उडानमध्ये विमान कंपनीला तूट भरून मिळते ती तीन वर्षं, त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा. चौथ्या वर्षी पूर्ण दराने तिकीट घेणारे किती, हे व्यापारी संघटनेने, मोठ्या रुग्णालयांनी, कारखान्यांनी आत्ताच लेखी सांगितलं तर कंपनीशी बोलायला काहीतरी हातात असतं. आणि नगररचना खात्याला विचारा, की उंच इमारतींचे परवाने विमानतळाचा रंगीत उंची-नकाशा (कुठे किती उंच बांधता येतं ते दाखवणारा) बघून देता का. 45 मीटरच्या वर जाणारा टॉवर उद्या उभा राहिला, तर ती तुमची चिमणी.

बैठकीला जाताना गुगल मॅपची मोठी छापील प्रत घ्या आणि मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 75 आणि 140 मीटरच्या रेघा लाल पेनाने मारा. 75 च्या आत काही नसेल आणि 75 ते 140 मध्ये दहा-वीस घरं असतील, तर पहिला निधी त्या घरांच्या मोबदल्यासाठी मागा, दुसरा दिव्यांसाठी. लांबीचा प्रस्ताव पुढच्या वर्षी.