पाठकोरी पानं का नाहीत? होमस्कूलिंगचा संच, तीन मुलं आणि नऊ महिने

परवा धाकट्याने वर्कबुकातलं आकार कापायचं पान कापलं. वय साडेचार. कात्री हातात नुकती बसायला लागलीये, त्यामुळे अगदी मन लावून, रेघेवरून हळूहळू. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, तिन्ही छान सुटे झाले. पान उलटलं तर मागे दुसऱ्या दिवसाची अक्षरगिरवणी, आणि तिच्या मधोमध तीन भोकं. अर्धी अक्षरं त्रिकोणाच्या पाठीवर गेलेली. पोरगं रडायला लागलं, त्याला वाटलं आपणच पान फाडलं. कात्री लागणारं पान पाठकोरं ठेवायचं, एवढं छापणाऱ्याला सुचायला हवं होतं. राग आला म्हणून होमस्कूलिंगच्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याच्या, या संचाचा नऊ महिन्यांचा अनुभव लिहायला बसलो.

संचात काय काय येतं ते सांगत बसत नाही, घ्यायचा विचार करणाऱ्याने ते पाहिलेलंच असतं. आमच्याकडे थोरली आठ वर्षांची, मधली सहाची आणि हा धाकटा. शिकवणाऱ्या पालकाची मार्गदर्शिका एकदाच घ्यायची, वाचायची पुस्तकं तिघांत फिरणार, म्हणजे दुसऱ्या मुलापासून जवळपास फुकट, असा माझा हिशेब होता. तो साफ चुकला. पहिल्या पानामागे बारीक अक्षरात लिहिलंय की वर्कबुक एकाच विद्यार्थ्यासाठी आहे, छायाप्रत काढायची नाही. गणित आणि भाषा, तीन मुलं, म्हणजे सहा वर्कबुकं, आणि ती दरवर्षी नवी. सहांची बेरीज मूळ संचाच्या किमतीपुढे गेली. काही प्रकाशक 'एका घरापुरत्या छायाप्रती काढा' अशी स्पष्ट परवानगी देतात. एकाहून जास्त मुलं असतील तर बाकीचं सगळं नंतर बघा, आधी ही एक ओळ शोधा. संच कितीला पडतो यापेक्षा त्यातलं काय वापरून संपतं, हे महत्त्वाचं.

तिसऱ्या महिन्यात मधलीसाठी पुढचं वर्कबुक मागवलं, तर नवी आवृत्ती आली. मार्गदर्शिका म्हणते पान ५७ उघडा, आणि वर्कबुकाच्या ५७ वर भलताच धडा. प्रकाशकाला लिहिलं. उत्तर आलं, नवी मार्गदर्शिका घ्या. एकही धडा बदललेला नाही, नुसते पानांचे आकडे सरकलेत, आणि त्यासाठी मी पुन्हा पैसे मोजायचे? चार वेळा लिहिल्यावर जुन्या-नव्या पानांचा तक्ता पाठवला, तोही पहिल्या १८ आठवड्यांचाच. उरलेल्या १८ आठवड्यांचा मी आणि बायकोने दोन रात्री बसून तयार केला. म्हणून जुना संच विकत घेणार असाल तर मार्गदर्शिका आणि वर्कबुक एकाच आवृत्तीचे आहेत ना, ते आधी विचारा.

वर्कबुक वाचवायला पारदर्शक प्लास्टिकचे खिसे आणले. पान आत सरकवायचं, वर पुसता येणाऱ्या मार्करने लिहायचं, संध्याकाळी फडक्याने पुसायचं. थोरलीला हे मस्त जमलं. मधली मात्र डावखुरी आहे. डावीकडून उजवीकडे लिहिताना तिचा हात लिहिलेल्यावरूनच जातो, त्यामुळे शब्द पुरा होईपर्यंत पहिलं अक्षर पुसलेलं. आठवडाभर ती चिडचिड करत होती आणि मला कारण कळत नव्हतं. आता ती समोर वर्कबुक ठेवून उत्तरं साध्या वहीत पेन्सिलीने लिहिते. पान कोरंच राहतं, पुढे धाकट्याला चालेल.

एका बाबतीत मात्र माझं मत पार बदललं. सुरुवातीला मी प्रत्येकाला प्रत्येक विषय वेगळा शिकवत होतो, आणि दुपारपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा. दोष संचाचाच धरला होता. मग कागदावर मांडलं: तीन मुलं, चार विषय, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे रोज २४० मिनिटं. मार्गदर्शिकेत विज्ञान आणि इतिहास तिघांना एकत्र शिकवा असं लिहिलंय, ते मी पहिल्या महिन्यात वाचलंच नव्हतं. ते केल्यावर गणित-भाषेची १२० आणि एकत्र तासांची ४०, असं १६० वर आलं. एकत्र तासाला मी मोठ्याने वाचतो, मग मुलं आपल्या शब्दांत सांगतात. आधी धाकटा, मग मधली, शेवटी थोरली राहिलेलं भरते. ही पद्धत इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची, छोटे धडे आणि ऐकलेलं परत सांगणं. एका पैशाचा खर्च नाही, आणि कोणाला किती कळलं ते तिथल्या तिथे दिसतं. हा भाग संचात उत्तम बसवलाय.

संचासोबत आलेल्या रंगीत कांड्यांबद्दलही सांगायलाच हवं. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांची ही कल्पना: १ ते १० सेंटिमीटर, प्रत्येक लांबीला वेगळा रंग. धाकटा दोन पिवळ्या पाचाच्या कांड्या जोडून नारिंगी दहाच्या शेजारी ठेवतो आणि 'सारख्या!' म्हणून ओरडतो. त्याच वेळी थोरली नारिंगीला एक पूर्ण धरून तिनाची फिकट हिरवी ठेवते आणि तीन दशांश लिहिते. एकच डबा, तीन इयत्ता, आणि काहीच संपत नाही. फक्त हा डबा जरी सुटा मिळाला तरी घ्या.

व्हिडिओंची वर्गणी दोन महिन्यांत बंद केली, कारण ती दर मुलामागे होती. तेवढं काम खान अकॅडमी या शिकवणीच्या संकेतस्थळावर विनामूल्य होतं. मोठ्याने वाचायला १९७१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं आहेत, आणि अशाच पुस्तकांची ध्वनिमुद्रणं विनामूल्य ऐकायला लिब्रिव्हॉक्स आहे. संचातल्या वाचनाच्या यादीतली पाच पुस्तकं मला तिथेच सापडली. आधी पाहिलं असतं तर ती विकत घेतली नसती.

पुढच्या वर्षी मार्गदर्शिका आणि कांड्या याच राहतील. गणिताची वर्कबुकं मात्र घरापुरती छायाप्रत चालणाऱ्या प्रकाशकाकडून घेणार. पाठकोऱ्या पानांबद्दल प्रकाशकाला पुन्हा लिहिलंय, अजून उत्तर नाही. तोवर धाकट्याच्या वर्कबुकातली कात्री लागणारी सगळी पानं चाळून काढली. २६ निघाली. त्यांच्या मागची गिरवणी मी हाताने साध्या कागदावर उतरवून ठेवतोय, रोज दोन.